म्हैस धरून किती?

कोकणातल्या म्हाताऱ्या माणसाला मुंबईला न जाण्यासाठी कारण शोधावं लागत नाही. गोठ्यात म्हैस असली की काम भागतं. नातवाची मुंज असो, पुतणीचं लग्न असो, नाहीतर स्वतःच्याच डोळ्याचं ऑपरेशन असो, विरारहून कितीही आग्रहाचा फोन आला तरी इकडून एकच प्रश्न जातो, "मी थंय इलंय तर हिका कोण बघतलो?" त्यावर विरारकडे उत्तर नसतं. पूर्वी असायचं. घरात चार जावा असायच्या. त्यांतल्या दोघींचं एकमेकींशी बोलणं नसलं तरी म्हशीशी चौघींचंही असायचं. जावा नसल्या तर शेजार होता. आता शेजारच्या घराला कुलूप आहे आणि शेजारी नालासोपाऱ्याला आहे. म्हणजे शेजारी तो अजूनही आहेच, पण विरारच्या मुलाचा.

आमच्या कुडाळजवळच्या वाडीत संध्याकाळी दिवे मोजले तर घरं किती आणि माणसं किती याचा हिशेब कळतो. पुण्यातली नोकरी सोडून गावी परतलेल्या माझ्या भाच्याला त्या अंधारात धंदा दिसला. तिठ्यावरच्या फणसाला त्याने पत्रा ठोकला : 'घर व गुरे राखून मिळतील. रोजाने, आठवड्याने, महिन्याने.' खाली फोन नंबर, आणि त्याच्याखाली 'दर :' असं लिहून पुढची जागा कोरी. ती जागा भरायला तो माझ्याकडे आला. मी हयात बँकेत काढली, तेव्हा दर ठरवण्यातलं मला काहीतरी कळत असणार, असा त्याचा समज. वास्तविक बँकेत दर वरून येतात. आम्ही फक्त ते काचेवर चिकटवायचो आणि लोकांच्या शिव्या खायचो. त्यातला दुसरा भाग या धंद्यातही उपयोगी पडेल असं मी त्याला सांगितलं.

पहिला हिशेब त्याने पुण्याच्या पद्धतीने केला. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात 2025-26 साली दिवसाला 312 रुपये. ही कल्पना मुळात आपल्याच राज्याची, वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली, त्यामुळे आकडा घरचा वाटला. म्हशीला सकाळी तास, संध्याकाळी तास. आठ तासांचे 312, तर दोन तासांचे 78. भाच्याने वहीत 78 लिहून त्याला चौकट केली.

अठ्ठ्याहत्तर रुपयांत म्हैस! वाडीत ही बातमी फुटली असती तर माणसांनी आपापल्या म्हशी त्याच्या दारात बांधून काशीयात्रा उरकून घेतली असती. कारण हे दोन तास एकमेकांना चिकटलेले नसतात. एक पहाटे पाचला, दुसरा संध्याकाळी पाचला, आणि मधले बारा तास म्हैस मोकळी असते, राखणारा नसतो. त्याला सावंतवाडीचं लग्न जेवून येता येत नाही, कारण पंगत बसायला तीन वाजतात आणि परतीची एसटी कधी सुटायची ते तिकडचा कंट्रोलरही सांगत नाही. मालवणला मुक्काम करता येत नाही. दुपारी जरा जास्त जेवून झोपताही येत नाही. दावं म्हशीच्या गळ्यात दिसतं खरं, पण त्याला दोन टोकं असतात. दर लावायचा तो या दुसऱ्या टोकाचा. पण तो वहीत कुठल्या रकान्यात लिहायचा ते भाच्याला कळेना. शेवटी त्याने 78 वर काट मारून 250 लिहिले. कुठून आले विचारलं तर म्हणाला, "तुमचं ते दुसरं टोक."

या धंद्यात स्पर्धा नाही, असं भाच्याला वाटत होतं. ते चूक. आमच्याकडे राखणीचा धंदा भाच्याच्या पणजोबांच्या आधीपासून चालू आहे आणि तो देवांच्या हातात आहे. प्रत्येक गावाच्या सीमेला राखणदार असतो. रात्री हातात काठी घेऊन तो आपली हद्द फिरतो. चोर, जनावर, आजार सगळं शिवेवर अडवतो. मोबदला किती? वर्षाकाठी एक कोंबडा, सोबत एखादी बाटली, विडीकाडी. सबंध वर्ष, सबंध वाडी, गुरं-ढोरं-माणसं धरून एक कोंबडा. या दरात धंदा करायचा म्हणजे मोठ्या कंपनीसमोर टपरी टाकण्यासारखं. त्यात त्याच्या कामाबद्दल आजवर कोणाची तक्रार नाही. तक्रार करायला शिवेवर रात्री कोण जाणार, हा भाग वेगळा.

तरी या बाबतीत आम्हाला एक मोठा आधार सापडला. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला श्री देव वेतोबा आहे. उंचीला धिप्पाड, उभा, आणि भक्त नवस फेडताना त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. मी भाच्याला म्हटलं, हा अर्थ नीट ध्यानात घे. केळी हे मानधन आणि चपला हा प्रवासखर्च. साक्षात वेतोबाने दोन्ही बाबी वेगळ्या ठेवल्या आहेत. दर आकारताना पेट्रोल त्यात धरायचं की बाहेर ठेवायचं, या प्रश्नावर इतका जुना दाखला दुसऱ्या कुठल्या धंद्याला मिळायचा नाही. तेव्हापासून बिलात 'चपला' असा एक रकाना असतो. किलोमीटरला पाच रुपये. त्यावर आजवर एकाही गिऱ्हाईकाने घासाघीस केलेली नाही.

देवांच्या खालोखाल स्पर्धा जुन्या रिवाजांची. गुराखी दर ढोरामागे महिन्याचे ठरवून घ्यायचा. शेळी राखायला द्यायची तर वाट्याने : होणाऱ्या करडांतलं एक मालकाचं, एक राखणाऱ्याचं. दोन्ही पद्धती चोख, फक्त त्यांना वेळ लागतो. डोंबिवलीला साखरपुड्यासाठी चार दिवस गेलेल्या माणसाच्या शेळीचा अर्धा वाटा कशाचा घ्यायचा? चार दिवसांत शेळी देते त्याला करडं म्हणत नाहीत.

दरपत्रकाचा पहिला खर्डा भाच्याने पंचायतीच्या फळ्याशेजारी लावला, आणि तिथे आम्हाला कळलं की दरपत्रक हे दरपत्रक म्हणून कोणी वाचतच नाही. ते मानपानाची यादी म्हणून वाचतात. भाच्याने लिहिलं होतं : म्हैस 250, गाय 200, बैलजोडी 250, शेळी 40, कोंबडी (नगास) 5, गावठी कुत्रा मोफत, विदेशी कुत्रा 400. सकाळी दहाला कागद लागला. अकराला गाय असलेली तीन घरं बिथरली. पन्नास रुपयांनी गाय खाली? गोमातेचा भाव म्हशीपेक्षा कमी लावणारा हा कोण? भाच्याने समजावलं, गाईचा दर कमी म्हणजे तुमचाच फायदा. छे! एका आजोबांनी ऐकवलं, "फायदो नको माका. अडीचशे लाव, आणि मग पन्नास कमी घे." हा हिशेब मी बँकेत असतो तर 'सवलत' म्हणून बसवला असता. आम्ही तो तसाच बसवला.

दुपारी खरा भडका उडाला तो विदेशी कुत्र्यावरून. रस्त्यापलीकडे एका चाकरमान्याने बंगला बांधलाय. तो लॅब्राडोर घेऊन येतो आणि मधेच त्याला सोडून चार दिवस गोव्याला जातो. त्या कुत्र्याला पिशवीतलं खाणं मापाने द्यावं लागतं, दुपारी एसी लावावा लागतो, संध्याकाळी पट्टा धरून फिरवावं लागतं, आणि तो परसात गेला की मालकाला फोटो पाठवावा लागतो. कुत्र्याचा नव्हे, त्याने जे केलं त्याचा. या कामाचे 400 रुपये मला कमीच वाटतात. पण वाडीतल्या एका काकींनी कागदासमोर उभं राहून मोठ्याने वाचलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "आमची म्हस कुत्र्यापरास स्वस्त?"

याला उत्तर नाही. त्यांची म्हैस लाख-सव्वा लाखाची. दिवसाला आठ लिटर दूध देते. शेण देते, त्यावर परस हिरवं राहतं, खळं सारवून निघतं. पाचेकशे किलो वजन. आणि समोरचा तो तांबूस जीव, जो माकडं आली की बंगल्यात पळतो, तो तिच्या दीडपट? काकींना अर्थशास्त्र सांगण्यात हशील नव्हतं. शिवाय त्यांचं म्हणणं अर्थशास्त्राला धरूनच होतं. वस्तू जे देते त्यावर तिची किंमत ठरावी, हा काय वेडा विचार आहे? भाच्याने कागद काढला, लॅब्राडोरची ओळ खाली नेली आणि तिथे लिहिलं : 'विदेशी कुत्रा : 240, खोली भाडे वेगळे.' काकी शांत झाल्या. बंगलेवाल्याने 160 रुपये खोलीभाडं बिनतक्रार दिलं. खोली त्याचीच होती.

गावठी कुत्र्याला मोफत ठेवलं यावर मात्र कोणाचाच आक्षेप नव्हता. त्याची राखण तोच करतो. भात आणि माशाचं डोकं मिळालं की तो शिवाय आपलीही करतो. बिबट्याचा काळ आहे, तेव्हा रात्री त्याला पडवीत घेणं एवढंच काम, आणि ते आपण जाण्याआधी तो स्वतःच करतो.

आता दुधाकडे येतो, कारण सगळी भांडणं शेवटी तिथेच येतात. मालक आठ दिवस मुंबईला. म्हैस इथे. रोजचं आठ लिटर दूध कोणाचं? मालक म्हणतो माझं, ते डेअरीला घाल. भाचा म्हणतो घालतो. इथवर ठीक. पण पहिल्या दिवशी संकलन केंद्रावरच्या चिठ्ठीत आकडा येतो पाच लिटर. दुसऱ्या दिवशी साडेचार. विरारहून फोन येतो. आवाज गोड असतो. "नाही, संशय नाही रे. फक्त विचारतोय, उरलेलं काय होतं?"

उरलेलं म्हशीत असतं. म्हैस अनोळखी हाताला पान्हा चोरते, हे ज्यांनी आयुष्यभर म्हशी पाळल्या त्यांना सांगावं लागत नाही. पण विरारला गेल्यावर विसरायला होतं. पान्हा सुटायला जनावराच्या मेंदूतून एक द्रव रक्तात यावा लागतो, आणि भीती वाटली, जागा बदलली, वास बदलला की तो येत नाही. सड कितीही ओढा, आधीच उतरलेलं तेवढंच मिळतं. काही हुशार लोक त्यासाठी इंजेक्शन टोचतात. जनावराला दुधासाठी असलं काही टोचणं हा 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. लुगडं नेसणं हा नाही.

तेव्हा भाचा लुगडं नेसला. ही युक्ती त्याची नव्हे. घरची बाई बाळंतपणाला गेली की पुरुषांनी तिचं जुनं लुगडं अंगावर घेऊन धार काढायची, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक घरात कोणा ना कोणा आजोबांवर सांगितली जाते. मी ती पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. पहाटेचा काळोख, गोठ्यात पिवळा बल्ब, खाली ओलं शेण. भाच्याने टी-शर्टवरून त्या घरच्या म्हातारीचं विटकं हिरवं नऊवारी गुंडाळलेलं, पदर डोक्यावरून, एका हातात आंबोणाची बालदी. म्हशीने, म्हणजे चंद्रीने, मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. लुगडं हुंगलं. पुन्हा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दाढी आणि लुगडं यांचा मेळ तिला लागत नसावा, पण म्हशीच्या जातीला निकाल लावायची घाई नसते. तिने आंबोणात तोंड घातलं. भाचा उकिडवा बसला, कपाळ तिच्या कुशीला टेकवलं, रेडकाला दोन घोट पाजून बाजूला बांधलं आणि म्हातारीच्याच सुरात, नाकातून, "गो बाय माझी, गो बाय" सुरू केलं. कासेला हात लावला. काही नाही. पुन्हा "गो बाय". मग कासंडीच्या तळावर पहिली धार टण्णकन वाजली, दुसरी वाजली, आणि हळूहळू तो आवाज फेसात बुडून जाड झाला. साडेसात लिटर. भाचा पदर सावरत बाहेर आला तेव्हा नेमका पेपरवाला फाटकात उभा होता.

त्या दिवसापासून दरपत्रकात 'वेशभूषा : 50 रुपये' अशी बाब आहे. लुगडं मालकाने ठेवून जायचं, आणि मुख्य म्हणजे धुवून ठेवायचं नाही.

कोंबड्यांचं सोपं वाटतं पण तसं नाही. कोंबड्यांचा प्रश्न मोजदादीचा. मालक जाताना सांगतो सतरा. संध्याकाळी डालग्यात भरताना चौदा निघतात. तीन मुंगसाने नेल्या, की त्या खुडूक होऊन कुठल्या गवतात बसल्यात, की मुळात चौदाच होत्या आणि सतरा हा मालकाचा गणपतीआधीचा आकडा? खुडूक कोंबडी एकवीस दिवसांनी नऊ पिल्लं घेऊन परसातून डौलात येते, तेव्हा मालक परत आलेला असतो, पैसे कापून घेतलेले असतात आणि कोणी ते परत करत नाही. भाचा आता कोंबड्या ताब्यात घेताना फोटो काढतो. कोंबड्या फोटोसाठी थांबत नाहीत. त्या फोटोंत एकूण सदतीस कोंबड्या दिसतात, कारण काही जणी दोनदा आल्यात.

घराचं काम त्या मानाने निमूट. संध्याकाळी देवाकडे आणि तुळशीकडे दिवा लावायचा. त्याचे पैसे भाचा घेत नाही, तेल घेतो. आठवड्याने दारं-खिडक्या उघडायच्या, वाळवीच्या रेघा खरवडायच्या. पावसाळ्याचा दर मात्र दुप्पट, आणि तो द्यायलाच हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे माकडाने हलवलेलं एक कौल म्हणजे माजघरात न्हाणीघर. माकडांना कौलांबद्दल राग नाही, ती फक्त घाईत असतात. मग भाचा शिडी लावून वर, हातात कौल, तोंडावर पाऊस, आणि खिशात फोन वाजतोय. फोन मालकाचा.

हा फोन ही खरी अडचण. बंगल्यांना आता कॅमेरे आहेत. मालक कांदिवलीच्या ऑफिसात बसून आपलं खळं बघत असतो. "तो झाडू आडवा का पडलाय?" "तुळशीत पाणी जास्त झालं." "आत्ता फाटकातून कोण गेलं?" गेलेला भाचाच असतो. एका मालकाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत इतके फोन केले की म्हैस बरी, असं भाच्याला मनापासून वाटलं. मी त्याला बँकेतली रीत सांगितली : पहिले पाच व्यवहार फुकट, पुढे प्रत्येक व्यवहारास आकार. आता दिवसाला दोन फोन दरात धरलेले असतात. तिसऱ्यापासून दहा रुपये. त्याने उत्पन्न वाढलं नाही, पण शांतता आली. माणसं कॅमेऱ्यात झाडू आडवा बघतात, अस्वस्थ होतात आणि दहा रुपये वाचवतात.

हंगामाचं गणित इथे हॉटेलवाल्यांच्या अगदी उलट. गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात जेव्हा कोकणात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा भाचा रिकामा. प्रत्येक घरात माणसं, प्रत्येक गोठ्यात हौशी नातवंडं. गर्दी ओसरून तुतारी एक्स्प्रेस परत दादरकडे निघाली की त्याचा हंगाम सुरू, कारण जाताना मुलं आई-वडिलांना धरून घेऊन जातात. रेल्वेने नोव्हेंबर 2024 पासून आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 वर आणली. म्हाताऱ्यांना याचा राग आहे. पूर्वी न जाण्याची कारणं शोधायला चार महिने मिळायचे.

त्या कारणांत सगळ्यांत भक्कम कारण म्हणजे गाभण म्हैस. म्हशीचे दिवस दहा महिन्यांचे, साधारण 310. तारीख मोजता येते, म्हैस पाळत मात्र नाही. मालक इकडे नसताना ती व्याली तर? रात्री जागरणाचे किती? 1962 या टोल फ्री नंबरवर फोन केला की गुरांचा दवाखाना गाडीतून दारात येतो, ही सोय चांगली आहे. युद्धाच्या सालावरून नंबर दिलाय असं आमच्या वाडीतल्या निवृत्त सुभेदारांचं ठाम मत आहे, आणि गोठ्यातला प्रसंग पाहता ते अगदीच टाकाऊ नाही. डॉक्टर कानातला पिवळा बिल्ला वाचतात. त्यावर बारा आकडी नंबर, म्हशीचा आधार. म्हैस कोण ते सरकारला ठाऊक असतं. लुगड्यातला हा इसम कोण, हे मात्र समजावून सांगावं लागतं.

जागरणाचे 500 ठरले, डॉक्टरचा आणि औषधाचा खर्च मालकाचा हेही ठरलं, रेडकू मालकाचं यात वाद नव्हता. अडलं ते खरवसावर. पहिल्या दोन दिवसांचा चीक, तो टिकत नाही. आधी रेडकाचं पोट, मग उरलेल्याचा खरवस, आणि तो वाडीत घरोघरी वाटायचा असतो. वाटला मालकाच्या नावाने तर खपला भाच्याचा हात. न वाटला तर वर्षभर मालकाचं नाव. आणि भाच्याने एक वडी स्वतः खाल्ली तर ती मजुरीत धरायची की चोरीत? अर्धा दिवस यावर चर्चा झाली. करारात शेवटी असं लिहिलंय : 'खरवस मालकाचा, खरड राखणाऱ्याची.' भांड्याच्या तळाशी लागलेली ती तपकिरी खरड जास्त चांगली लागते, हे दोन्ही पक्षांना माहीत आहे. ज्याने कागदावर सही केली त्याने बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं होतं.

दर ठरला म्हणजे पैसे आले असं नाही. गावात पैसे मागणं याला आमच्याकडे फारसा सभ्य शब्द नाही. म्हातारी मुंबईहून येते, म्हैस बघते, तिच्या पाठीवरून हात फिरवते, आणि भाच्याच्या हातात काजूची पिशवी ठेवते. वर दोन फणस. वर "तुझ्या लग्नात बघतंय." त्याच्या लग्नातल्या आहेराचं येणं आता इतकं थकलंय की तो लग्न करायला घाबरतो. बँकेच्या भाषेत हे बुडीत कर्ज, पण गोडंबी, सुकट आणि कोकमांच्या रूपात व्याज नियमित येतं.

यातून जो मार्ग निघाला तोच या धंद्याचा खरा दर, आणि तो पत्र्यावर लिहिण्यासारखा नाही. बिल विरारला पाठवायचं. मुलगा घासाघीस करत नाही. दोनशे सांगा, पाचशे सांगा, फोनवर टुंग वाजतं आणि पैसे आलेले असतात, वर "थँक्यू भाऊ, आईकडे लक्ष ठेव." आई त्याच्याच घरात असते तेव्हाही तो हे म्हणतो. तो कशाचे पैसे देतो ते भाच्याने विचारलेलं नाही आणि मीही विचारू नको म्हटलंय. पण आईला आकडा कळता कामा नये. एकदा एका म्हातारीला कळला. आठ दिवसांचे अडीच हजार! त्या पैशात पेंडीची दोन पोती आली असती, कोंडा आला असता. ती बोरिवलीहून मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या डब्यातून, तिसऱ्या दिवशी सकाळी परत आली आणि थेट गोठ्यात गेली. कपडे बदलायलाही थांबली नाही. तेव्हापासून भाच्याचे दोन दर आहेत. आईला सांगायचा 40 आणि मुलाला सांगायचा 300. दोघंही खूश. त्या चाळीसमध्येही आई पाच कमी करून घेते आणि विरारला पोचल्यावर ते पाच मुलाला ऐकवते.

गेल्या आठवड्यात अशाच एका आईने भाच्याला गडग्यापाशी अडवलं. मला वाटलं पुन्हा म्हैस. पण आवाज खाली होता आणि ती आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून आली होती.

"चवथीक झील येतलो. सून, नातू, तेंचो तो कुत्रो. धा दिवस." ती थांबली. "तेंका सकाळी चाय येगळी होयी, पाणी बाटलीतला होया, आणि रात्री लाइट गेली की आरडतत. गणपती गेलो काय दुसऱ्या दिसाक माका लेकीकडे मालवणाक जाऊचा आसा. म्हशीचा तू बघू नको, तिका मी वांगडा घेऊन जातंय, टेंपो सांगितलंय. ह्यांका सांभाळूक किती घेतलंस?"

भाच्याने वहीत नवीन रकाना आखलाय. नगावर लावायचा की रोजावर, हे विचारायला तो काल माझ्याकडे येऊन गेला. फोन दरात धरायचे का, यावर आमचं अजून एकमत व्हायचं आहे.